राखून ठेवलेली चूक

आमच्या कारखान्यात पडदे शिवले जातात. घरांचे, हॉटेलांचे, दवाखान्यातल्या खाटांभोवतीचे, जो ऑर्डर देईल त्याचे. आम्ही काम करणारे चौघं. मी, एकमेकींच्या जावा असलेल्या दोघी आणि कापड बेतणारे मास्तर. आमच्या डोक्यावर ताई. समोर आम्ही त्यांना ताई म्हणायचो आणि पाठीमागे भिंग. हे नाव मीच ठेवलेलं. माझी जीभ तिखट आहे, हे माहेरी ऐकून झालं, सासरी ऐकून झालं, आता मलाही ते पटलंय.

ताईंचा नियम साधा होता. कुणीही काहीही शिवलं तरी त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय ते बाहेर पडायचं नाही. निळा खडू घेऊन त्या पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या आणि चूक दिसली की तिच्याभोवती गोल काढायच्या. गोल आला की उसवा आणि परत शिवा. त्याबद्दल आमचं काही म्हणणं नव्हतं. पण चूक सापडली नाही तर बाईंच्या जिवाला चैन नसे. पडदा उलटा करतील, सुलटा करतील, खिडकीशी नेऊन उजेडात धरतील, आणि शेवटी "मला ही शिवण काही बरोबर वाटत नाही" म्हणून धडधाकट शिवण स्वतः उसवायला बसतील. मग घरी जायची वेळ टळायची. दोघी जावांची बस चुकायची. एरवी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर टोमणे फेकणाऱ्या त्या दोघी तेवढ्यापुरत्या सख्ख्या बहिणी व्हायच्या.

उपाय मास्तरांनी काढला. मास्तर फार बोलत नाहीत, तोंडात कायम टाचण्या असतात म्हणून असेल. त्या दिवशी टाचण्या बाजूला काढून ते म्हणाले, "मांजराला वाटीभर दूध वेगळं ठेवलं की ते पातेल्यात तोंड घालत नाही. ताईंसाठी एक चूक राखून ठेवा."

तेव्हापासून आम्ही चुकीची पाळी लावली. आज माझी चूक, उद्या थोरल्या जावेची, परवा धाकटीची. चूक अशी, की दिसेल पण दुरुस्त करायला उठावंसुद्धा लागणार नाही. जागाही मीच ठरवून दिली, पडदा अडकवायच्या आकड्यांपैकी उजव्या टोकापासून तिसरा. तिथे दोऱ्याचं एक टोक लोंबतं ठेवायचं. ताई तिथे पोचल्या की त्यांचा चेहरा उजळायचा. गोल काढून त्या म्हणायच्या, "हे बघा. मी नसते तर काय झालं असतं तुमचं?" आम्ही माना खाली घालायचो. धाकटी जाऊ तर इतकी छान ओशाळायची की तिला नाटकातच घ्यायला हवं होतं. मग चहा यायचा आणि आम्ही वेळेवर घरी जायचो. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

पुढे पुढे ताईंना ती चूक सापडेनाशी झाली.

आधी वाटलं, दमल्या असतील. दोऱ्याचं टोक जरा लांब ठेवायला लागलो. तरी त्या त्याच्यावरून हात फिरवून पुढे जायच्या आणि भलतीकडेच काहीतरी उसवत बसायच्या. मग आम्ही आकडा उलटा लावायला लागलो. काही महिन्यांनी तोही पुरेना. एकदा तर मी हट्टाला पेटले आणि पितळी आकड्यांच्या रांगेत एक पांढराशुभ्र प्लास्टिकचा आकडा ठोकून दिला. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसला असता. ताई त्याच्यासमोरून एकदा गेल्या, परत आल्या, थांबल्या आणि मग हळूच गोल काढला. "मी नसते तर" म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भिंगाला तडा गेलाय गं." एरवी असल्या बोलण्यावर मी खो खो हसले असते. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

अशात ते नाट्यगृहाचं काम आलं. रंगमंचाचा दर्शनी पडदा, डाळिंबी मखमलीचा. एवढं मोठं काम आमच्याकडे आधी कधी आलं नव्हतं. कारखान्याचे मालक आले, कापडावरून हात फिरवला आणि जाताना सगळ्यांच्या देखत बोलून गेले, "ताई, तुमच्या टेबलाशी सगळं तुंबतं. हा पडदा वेळेत गेला तर ठीक. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल." बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं, हे मला त्याहून जास्त लागलं.

त्याच आठवड्यात ताईंच्या बहिणीने त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनला आता थांबायचं नाही, आणि नंतर काही आठवडे कापडाच्या धुळीत पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी मला गठ्ठ्यांच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"मी नाही जाणार," त्या म्हणाल्या. "पडदा झाल्यावर बघू."

"डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्या बहिणीने सांगितलंय मला."

"तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." त्या मखमलीच्या गठ्ठ्यावर बसल्या. "अगं, पडदा चुकला तर माझी जागा गेलीच म्हणून समज. या वयात मला कोण उभं करणार?"

"आणि डोळे गेले तर जागेचं काय लोणचं घालणार आहात?" मी म्हणाले. जीभ तिखट, काय करू. मग जरा नरमाईने म्हणाले, "ताई, जा तुम्ही. आम्ही चौघं आहोत ना. तुमची जागा आम्ही जाऊ देणार नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. किती दिसत होतं देव जाणे. मग खिशातून निळा खडू काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "सांभाळ."

इथपर्यंत मी शहाणी होते. खडू हातात आला आणि माझं काय झालं कोण जाणे.

पहिल्या दिवशी मी ठरवलं होतं, मास्तरांनी बेतायचं, जावांनी शिवायचं, मी माझं मशीन सांभाळायचं. पण डोक्यात एकच भुंगा, हा पडदा चुकला तर ताईंची जागा जाईल आणि शब्द मी दिलाय. मखमलीची लव सगळ्या पट्ट्यांना एकाच दिशेने हवी, नाहीतर दिव्याखाली एक पट्टा फिका आणि एक गडद दिसतो. मास्तरांनी उभा जन्म मखमल कापली असेल. तरी मी प्रत्येक पट्ट्यावर हात फिरवून लव बघायला लागले. मास्तरांनी टाचण्या तोंडातच ठेवल्या. मग मी जावांच्या मागे जाऊन उभी राहायला लागले. मग त्यांनी शिवलेलं ताईंच्या टेबलावर घ्यायला लागले. माझं स्वतःचं मशीन तसंच झाकलेलं राहिलं आणि टेबलाशी पट्ट्यांचा ढीग साचला.

ताईंचा फोन येईल असं रोज वाटायचं. ऑपरेशन नीट झालं, एवढा बहिणीचा निरोप आला. ताईंचा स्वतःचा एकही फोन नाही. एवढी काळजी करणारी बाई आणि साधी चौकशी नाही, याचा मला जरा रागच आला.

घरीही मी बिघडले होते. एका संध्याकाळी आमच्या ह्यांनी वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घातल्या. मी त्या मोडून परत घालायला बसले. हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "उद्यापासून मी टॉवेल नुसते तुझ्यापुढे आणून टाकत जातो. घडी घालण्याचे कष्ट तरी वाचतील माझे." मला वाटलं, चेष्टा करतायत.

दुसऱ्या दिवशी मी थोरल्या जावेची शिवण उसवली. मला ती वाकडी वाटली. खरं तर वाकडी नव्हती. उसवल्यावर बघितलं तर सरळ रेषेत सुईची भोकं, आणि मखमलीची भोकं बुजत नाहीत. थोरलीने तो पट्टा उचलला आणि मास्तरांपुढे ठेवला. मास्तरांनी बराच वेळ विचार करून भोकांची रेघ एका चुणीच्या पोटात दडवली. दोघी जावांची बस त्या दिवशी चुकली. जाताना त्या एकमेकींचा हात धरून गेल्या.

मला रात्री झोप आली नाही आणि सकाळी मी आणखी बारकाईने बघायला लागले. जोडून झालेला पडद्याचा अर्धा भाग समोर पसरला होता. चुण्या बघितल्या, अस्तर बघितलं, काही मिळेना. काही मिळेना तसा माझा जीव वर-खाली व्हायला लागला. असं कसं होईल, काहीतरी असणारच. मी आकड्यांची पट्टी धरून सरकत गेले आणि शेवटी सापडला! एक आकडा उलटा. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी झोकात गोल काढला, वळले आणि म्हणाले, "हे बघा. मी नसते तर..."

दोघी जावांच्या माना खाली. धाकटी छान ओशाळलेली. मास्तर खिडकीबाहेर बघतायत.

मी परत आकड्याकडे बघितलं. उजव्या टोकापासून तिसरा.

आधी कान तापले. मग भयंकर राग आला, मला, मला मांजर समजतात ही माणसं! मग त्या तिघांचे चेहरे बघितले आणि राग कुठल्या कुठे गेला. मी मटकन खुर्चीत बसले. हसायला यायला लागलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

"कुणाची पाळी होती?" मी विचारलं.

"माझी," थोरली जाऊ म्हणाली. "रागावलीस?"

"आकडा जरा सैल लावलास. उलटा लावायचा तरी नीट लावायचा ना."

मग धाकटी फिसकन हसली आणि तिचं बघून सगळेच. मी खडू खणात टाकला. मास्तरांना म्हणाले, "लवेचं तुम्ही बघा, मला परत दाखवू नका." थोरलीला म्हणाले, "चुण्या तुझ्या. तुला बरोबर वाटलं की बरोबर." धाकटीकडे अस्तर आणि आकडे दिले. आणि मी माझ्या मशीनवरचं झाकण काढलं. सोपं नव्हतं. दिवसभरात किती वेळा उठून बघावंसं वाटलं, प्रत्येक वेळी मी बूड खुर्चीला दाबून धरलं. मागून कुणी बघत नाही म्हटल्यावर थोरलीने आपणहून एक चुणी उसवायला घेतली आणि तिची तीच मास्तरांना विचारून आली. माझ्याकडे कुणी आलंच नाही. मला थोडं वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. पण टेबलावरचा ढीग उतरत गेला.

पडदा ठरल्या वेळेत तयार झाला. नाट्यगृहात टांगायला नेला तेव्हा मालक होते, आणि आम्ही चौघं. पडदा रंगमंचावर आडवा पसरला होता. तेवढ्यात मागच्या दारातून बहिणीचा हात धरून ताई आल्या. डोळ्यांवर काळा चष्मा. येताना खणातून घेतलेला खडू मी त्यांच्या हातात दिला. सवयच ती.

ताईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. नव्या डोळ्यांनी. थोरलीची चुणी, तिच्या पोटातली भोकांची रेघ, सगळं त्यांनी बघितलं. परत उजव्या टोकाशी आल्या, खाली वाकल्या आणि तिसरा आकडा चिमटीत धरला. तो सुलटा होता.

"आणि माझी चूक कुठाय?" त्यांनी विचारलं.

आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. मालकांना काहीच कळेना.

"डोळे गेले होते माझे, अक्कल नव्हती गेली," ताई हळू आवाजात म्हणाल्या, फक्त आम्हाला ऐकू जाईल असं. "तो पांढरा प्लास्टिकचा आकडा लावलात ना, त्या दिवशी कळलं. इतकी मोठी चूक माझ्या माणसांच्या हातून होतच नाही. म्हटलं, ही मुद्दाम ठेवलेली आहे. घरी जाऊन खूप रडले मी. मग हिच्या हातावर खडू ठेवला त्या दिवशी विचार केला, अरे, म्हणजे बाकीचं सगळं बरोबर असतं."

"मग तुम्ही फोन का नाही केलात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कशाला करू? पट्टी बांधून पडले होते निवांत. किती वर्षांनी झोपले गं मी."

भिंग हे नाव मीच ठेवलं होतं.

मालकांनी विचारलं, "मग काय ताई, वर घ्यायचा?"

"मला काय विचारता, ह्यांना विचारा," ताई म्हणाल्या आणि खडू मास्तरांच्या हातात दिला. "घ्या मास्तर, कापडावर खुणा करायला होईल."

मास्तरांनी दोरीवाल्याला हात केला आणि पडदा वर गेला. वरपासून खालपर्यंत एकच रंग, कुठे फिका नाही की गडद नाही. ताई पहिल्या रांगेत जाऊन बसल्या आणि शेजारची खुर्ची थोपटून मला म्हणाल्या, "ये, बस. आता नुसतं बघू."