मेणात रुतलेली पाचवी दांडी

मित्रांनो, मी एक जुना वॉकमन आहे. तळहातापेक्षा जरासा मोठा. एकेकाळी निळा होतो, आता कोणता रंग म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. परदेशातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि धुळ्याच्या एका ट्रक ड्रायव्हरकडून मी शिंदखेड्याच्या मोतीलालकडे आलो. रेल्वे स्टेशनजवळ त्याचं सलून होतं. दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाच्या कानांना तो माझे हेडफोन लावायचा आणि गिऱ्हाईक मान डोलवू लागलं की ओरडायचा, "हालू नको रे, कान कापाई जाई!"

माझ्या अंगावर इक्वलायझरच्या पाच छोट्या दांड्या होत्या. पहिली वर केली की ढोलकीचा दणका वाढायचा. मधल्या दांड्यांनी गाणाऱ्याचा आवाज पुढे यायचा. पाचवी वर सरकवली की झांजांची किणकिण आणि बोलण्यातली बारीक धार उमटायची, पण तिच्याबरोबर कॅसेटची सूं-सूंही वाढायची. ती सूं-सूं मोतीलालला अजिबात खपत नसे. त्याने पहिली दांडी पार वर चढवली, पाचवी पार खाली ओढली आणि कोणी हात लावू नये म्हणून सगळ्या फटींत मेणबत्तीचं मेण ओतलं! झालं, माझा आवाज कायमचा ठरला. माझ्या ढमढमीची गावात वाहवा झाली, हे मी नाकारत नाही. पण घशात बोळा कोंबल्यासारखं वाटायचं त्याचं काय?

एका बाजाराच्या दिवशी दुपारपासून वीज गेलेली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून तीन माणसं सलूनच्या दारात येऊन उभी राहिली. म्हातारी नानीबाई, तिचा थोरला मुलगा खेमा आणि धाकटी सून धनीबाई. धनीबाईचा नवरा रुपसिंग बारडोलीकडे ऊसतोडीला गेला होता. उसाची गाडी उलटून तो मेला, अशी बातमी गावात आली होती. दुसऱ्या दिवशी त्याचं दिवसकार्य होतं आणि धनीबाईच्या बांगड्या उतरवायच्या होत्या. तेवढ्यात त्याच्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाने एक कॅसेट धाडली. त्यात रुपसिंगचाच आवाज आहे, असा निरोप होता. खेमाला त्या मुकादमाचा काडीचा भरवसा नव्हता. शेजारच्या चहावाल्याचा मोठा टेप विजेवाचून गप्प होता. सेलवर चालणारा असा मी एकटाच होतो.

सुरतेची गाडी यायला थोडाच वेळ होता. आवाज खरा निघाला तर खेमा तिने जाणार होता, नाहीतर तिघंही गावी परत फिरणार होती.

मोतीलालने कॅसेट माझ्या पोटात घातली. मी वाजू लागलो.

"माय, मी जित्ता शे. पाय मोडेल शे, सुरतना दवाखानामा शे. खेमाभाऊले धाडी दे..."

आधी खेमाने ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली. मग नानीबाईने ऐकलं. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. माझ्या पोटातून आवाज येत होता तो पोत्यात बोलणाऱ्या माणसासारखा, जाड आणि बोथट. मला सगळं कळत होतं, पण मेणापुढे माझं काय चालणार?

"हाऊ मना रुपसिंग नही," ती म्हणाली. "तेन्हा पुढना दात तुटेल शे. बोलताना शिट्टी वाजस. आठे या आवाजमा ते काहीच नही."

"मी सांगेल व्हतं! मुकादमनी दुसरा कोनाले बोलाले लायेल शे," खेमा उठला. "चाल माय. घर बठ्ठा भाऊबंद वाट देखी राह्यनात."

धनीबाईने बांगड्या भरलेले दोन्ही हात पदराखाली लपवले. मला तेव्हा फार भीती वाटली.

मोतीलालच्या समोर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बसलं होतं. मोतीलालचा वस्तरा हवेतच थांबला.

"थांब माय!" तो ओरडला. "ती शिट्टी मीच बंद करेल शे!"

त्याने मला हिसकून घेतलं आणि त्याच वस्तऱ्याने फटींतलं मेण खरवडायला सुरुवात केली. मेण निघालं, पण पाचव्या दांडीचं टोपण काडकन तुटलं. आग झाली, मित्रांनो. उरलेला खुंट त्याने वस्तऱ्याच्या टोकाने रेटत रेटत पार वर नेला आणि पहिली दांडी खाली ओढली. स्टेशनवर गाडीची घंटा झाली.

नानीबाईने पुन्हा हेडफोन लावले. आधी नुसतीच सूं-सूं. मग रुपसिंग बोलू लागला. "शे" म्हणताना हवा फटीतून निसटली. बारीक, तीक्ष्ण, त्याची एकट्याची.

म्हातारीने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले.

"दुखस का रे पोऱ्या?" ती मलाच विचारू लागली. "रडू नको. मी येस."

मग तिने हेडफोन काढून धनीबाईच्या कानांना लावले. धनीबाईचे हात पदराबाहेर आले आणि ती भरल्या बांगड्यांनी तोंड झाकून रडली.

आता एकट्या खेमाला धाडायला म्हातारी तयार होईना. गाडी फलाटात शिरत होती. तिघं धावत सुटली. इतकी वर्षं मला कोणाला हात लावू न देणारा मोतीलाल मागून धावला. त्याने मला नानीबाईच्या पिशवीत कोंबलं.

"लई जा माय, गाडीमा आयकत जा!"

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं यंत्र असेल तर त्याला हळुवार हाताळा. तुम्हाला आवडतो तेवढाच आवाज ठेवून बाकीचे गळे आवळू नका. थोडी सूं-सूं सहन करा. तिच्यातच कोणीतरी आपलं बोलत असतं.

मी आजही नानीबाईच्या घरी कोनाड्यात आहे. कित्येक वर्षांत मला कोणी लावलेलं नाही, सेल घातलेले नाहीत. अंगावर बोटभर धूळ आहे. पण माझी कीव करू नका. ज्याचा आवाज ऐकायला मी लागत होतो, तो काठी टेकत दिवसभर अंगणात फिरतो आणि त्याची बडबड संपता संपत नाही. आता मला कोण लावणार?