कोंबडीला घातलेले टाके

माझा धाकटा भाऊ दातांचा डॉक्टर आहे आणि त्याला स्वतःच्या हातांचं भारी कौतुक. आई त्याला लाडोबा म्हणायची. मीही म्हणते, पण आईच्या तोंडी ते लाडानं यायचं. या माणसानं जन्मात कधी चहाचं आधण ठेवलं नाही. आणि परवा कुठल्याशा फ्रेंच आचाऱ्याचे व्हिडिओ बघून त्यानं जाहीर केलं, "शुक्रवारी मित्रांना जेवायला बोलावतोय. सगळं फ्रेंच. सगळं मी करणार."

'सगळं मी करणार' म्हणजे काय, ते शुक्रवारी दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात पाय ठेवल्याबरोबर मला कळलं. भावजय कांद्याच्या फ्रेंच सूपसाठी कांदा परतत उभी होती. या सूपचा कांदा मंद आचेवर तासभर हलवत राहायचा असतो, नाहीतर करपतो. लाडोबा नवाकोरा एप्रन बांधून पलीकडे उभा. "रंग बघ. अजून नाही आला. घाई करू नकोस." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. तिचे डोळे कांदे चिरून लाल झालेले आणि हा पातेल्याचे फोटो काढतोय. मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं, पण आल्या आल्या माझ्याही हातात सुरी आणि मशरूमची परडी आली.

त्याचा हात खरोखर लागला तो कोंबडीला. तिच्या पोटात मशरूम भरून ती जाड सुती दोऱ्यानं बांधायची होती. दोरा आणायचा राहिला. मग हा क्लिनिकमधून हिरड्यांना टाके घालायचा बारीक काळा दोरा आणि वाकडी सुई घेऊन आला आणि कोंबडी शिवून काढली.

"बघ ताई, टाके दिसतायत तरी का? एवढा शांत पेशंट मला आजवर मिळाला नाही."

"मेलाय म्हणून शांत आहे," मी म्हणाले.

तो आंघोळीला गेला तशी भावजय हळूच म्हणाली, "ताई, आज लॅबवाल्या मॅडम येतायत."

तिला काय म्हणायचंय ते मला ठाऊक होतं. लग्नाआधी ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. रुग्णांच्या नमुन्यांतले जंतू प्लेटवर वाढवायचे आणि ओळखायचे, हे तिचं काम. मुलगी झाली आणि ते सुटलं. आता मुलगी हॉस्टेलला गेली, घर खायला उठतं. लाडोबाच्या ओळखीच्या या मॅडम आपल्या खासगी लॅबची नवी शाखा काढत होत्या, तिथे जंतूंची तपासणी बघायला माणूस हवा होता आणि उद्या त्या कुणाला तरी घेणार होत्या.

"मग बोल ना त्यांच्याशी."

"हे म्हणाले, तू बोललीस तर बरं दिसणार नाही. जेवताना मी विषय काढतो."

"मी काढू?"

"नको ताई. उगाच चिडतील."

संध्याकाळी मंडळी आली. भावाचा शाळेतला मित्र वकील, त्याची बायको आणि मॅडम. फ्रेंच जेवणात सगळं एकदम मांडून मोकळं व्हायची सोय नाही. आधी सूप, ते वाडगे उचला, मग सॅलड, त्या बश्या उचला. उचलणार कोण? भावजयीची खुर्ची रिकामीच. मी उठायला लागले तर लाडोबा म्हणाला, "तू बस ताई, पाहुणी आहेस."

"त्या नाही का बसत?" मॅडमनी विचारलं.

"येईल हो. तिला आतच बरं वाटतं."

सूपला टाळ्या पडल्या. वकील "वा शेफ!" म्हणाला आणि शेफनं छातीवर हात ठेवून मान झुकवली. आयत्या बिळावर नागोबा! कांद्याला चमचासुद्धा लावला नव्हता मेल्यानं.

आणि मग मॅडमनी स्वतःच विषय काढला. "नव्या शाखेला धड माणूस मिळत नाहीये. तुमच्या ओळखीत आहे का कुणी? मला उद्या ठरवायलाच हवं."

मी लाडोबाकडे बघितलं. भावजय कोंबडीचं ताट घेऊन दारात येऊन थांबली होती. त्यानंही तिला बघितलं. नीट बघितलं. आणि ग्लास फिरवत म्हणाला, "हल्ली चांगली माणसं मिळतात कुठे, मॅडम!"

भावजयीनं ताट टेबलावर ठेवलं आणि ती आत गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काखेत कळसा असून गावाला वळसा घालणारा निदान विसराळू असतो. हा विसरला नव्हता. उद्यापासून आपल्या पुढ्यात वाडगा कोण ठेवणार, एवढाच हिशोब त्यानं केला होता. माझ्या सख्ख्या भावाची मला इतकी किळस कधी आली नव्हती.

लाडोबानं कोंबडी कापून सगळ्यांना वाढली. मी काही बोलणार, तेवढ्यात पहिल्याच घासाला वकिलानं तोंडात बोट घातलं. टाके कुणी काढलेच नव्हते! दोरा त्याच्या दाढांत अडकला होता आणि ओढावा तसा मशरूमसकट लांबत होता. "हलू नकोस," म्हणत डॉक्टरसाहेब त्याला न्हाणीघरातल्या दिव्याखाली घेऊन गेले, मागोमाग वकिलाची बायको मोबाइलचा टॉर्च धरून. मी पोट धरून हसले. मॅडमही हसल्या.

आवाज ऐकून भावजय बाहेर आली. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून तिनं ओले हात पुसले आणि मॅडमशेजारी, नवऱ्याच्या खुर्चीत बसली.

"मॅडम, मी मायक्रोबायोलॉजी केलंय. हॉस्पिटलमध्ये कामही केलंय, पण त्याला बरीच वर्षं झाली. नवी मशिनं मला येत नाहीत, शिकावी लागतील. प्लेटवर काय उगवलंय ते मात्र ओळखेन."

मॅडमनी काटा खाली ठेवला. "मग यांनी मघाशी सांगितलं का नाही?"

"ते त्यांना विचारा. माझं मी सांगितलं."

मॅडम एकेक विचारत गेल्या, ती सांगत गेली. लघवी, थुंकी, जखमेतला पू. समोर कोंबडी आणि लाल वाइनचा सॉस. त्या जेवणातलं मला सगळ्यात चवदार लागलं ते हे बोलणं. एक उत्तर तिला आलं नाही, तर "नाही आठवत" म्हणाली आणि पुढे सरकली.

"आधी काही महिने दुसऱ्याच्या हाताखाली काम करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "चालेल? मग उद्या या."

"चालेल."

लाडोबा वकिलाला घेऊन परतला आणि आपल्या खुर्चीपाशी घुटमळला. "अगं, उद्या कुठे? आणि कस्टर्ड द्यायचंय ना आता?"

"फ्रीजमध्ये आहे," ती म्हणाली. मान वळवली नाही.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मांडीवरचा नॅपकिन नीट करत बसले. शेवटी तो आत गेला. फ्रीज उघडला, मिटला. मग एकेक खण उघडल्याचे, आपटल्याचे आवाज येत राहिले.

"अगं, चमचे कुठे असतात?"

कुणी उठलं नाही. भावजय मॅडमना विचारत होती, "सकाळी किती वाजता येऊ?"