आवाज माझाच गेला होता

“तीन दिस झालं, नुसता डोळं वटारून बघतोय माझ्याकडं. बोल की लेका!”

असं नाना पुटपुटले, तेही माझ्या इतक्या जवळ येऊन की त्यांच्या चष्म्यात मला माझाच चेहरा दिसला. मित्रांनो, तो लेक म्हणजे मी. घाटकोपर पूर्वेला एका इमारतीत, सातव्या माळ्यावर, खिडकीजवळच्या टेबलावर तेरा वर्षं ठाण मांडून बसलेला जुना कॉम्प्युटर. माझा पडदा एका कोपऱ्यात पिवळा पडलाय आणि एंटरचं बटण दोनदा दाबल्याशिवाय जागचं हलत नाही. बाकी मी ठीक आहे. म्हणजे, त्या बुधवारपर्यंत ठीक होतो.

माझा जन्म असा एका जागी झालेला नाही. पेटी एकीकडची, बोर्ड दुसरीकडचा, स्पीकर तिसरीकडचे. लॅमिंग्टन रोडच्या एका चिंचोळ्या दुकानात एका माणसाने मला दीड तासात जुळवलं. प्रबुद्ध तेव्हा कॉलेजात होता, त्याच्यासाठी त्याचे वडील, म्हणजे नाना, मला घ्यायला आले होते. टॅक्सीवाला म्हणाला, डिकीत टाका. नाना म्हणाले, “डिकीत पोरगं टाकतोस का तू?” आणि घाटकोपरपर्यंत त्यांनी मला मांडीवर आणलं. घरी नानांच्या बायकोने, सोनूबाईंनी, पेढे वाटले. अख्खा माळा मला बघून गेला. सोनूबाईंनी माझ्यासाठी झालरीचं कव्हर शिवलं, इतकं घट्ट की काढता काढता प्रबुद्धचा पहिला अर्धा तास जायचा.

पुढे घरात मोबाइल आले. मग माझ्यावर काय काय राहिलं म्हणून सांगू? इस्त्रीचे कपडे, औषधांचा डबा, आणि एका पावसाळ्यात तर वाळत घातलेले मोजे. मी गप्प राहायला तेव्हाच शिकलो.

प्रबुद्धचं लग्न झालं आणि माधुरी घरात आली. तिने मोजे उचलले, धूळ पुसली आणि मला चालू केलं. तिने कुठला क्लास केलेला नव्हता. चुकत, स्वतःलाच शिव्या घालत, माझ्यावरच शिकली. हळूहळू इमारतीतले सगळे लोक तिच्याकडे फॉर्म भरायला येऊ लागले. पॅन कार्ड, रेशन कार्ड, मुलांच्या शाळेचे अर्ज. माझं नाव माळ्यावर पुन्हा निघायला लागलं.

आता नानांचं सांगतो. विक्रोळीच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं पत्रा कापायच्या प्रेसवर काढली. दिवसभर धाड-धाड, धाड-धाड. आणि संध्याकाळी गायन पार्टी. पेटी, ढोलकी, मागे कोरस आणि पुढे नाना. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत ट्रॉम्बेपासून मुलुंडपर्यंत त्यांना बोलावणी असायची. त्या गाण्यांच्या अकरा कॅसेट घरात होत्या. माधुरीने एक वायर आणली आणि जुन्या टेपमधली ती सगळी गाणी एकेक करून माझ्यात उतरवली. पुढे कॅसेटींना बुरशी लागली. त्यामुळे आज ती गाणी फक्त माझ्या पोटात आहेत. सांगायला अभिमान वाटतो, पण धाकधूकही वाटते.

दर वर्षी जयंतीला इमारतीतल्या बायका, सोनूबाईंसकट, कोरसमध्ये गातात. नाना माझ्यातून तीन गाणी निवडतात आणि त्यांना चाल बसवून देतात. यंदा मात्र कमिटीचे शिवदास दारात उभं राहूनच म्हणाले होते, “नाना, रविवारी तालमीला गाणी पाहिजेत हां. नाहीतर पोरं डीजे सांगायच्या मागं लागलीत.” नाना हसले. पण शिवदास गेल्यावर त्यांनी माझी खुर्ची पुढे ओढली आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागेल. दोन वर्षांपासून नाना माझा आवाज वाढवत होते. आधी चाळीसवर, मग साठवर, मग शंभरवर. शंभरच्या पुढे माझ्याकडे आकडाच नाही. तरी ते म्हणायचे, “मशीनचा आवाज बसलाय.” आणि घरातले लगेच म्हणायचे, “हो ना नाना, जुनं झालंय ते.”

आवाज बसलेला नव्हता. मला माहीत होतं, माधुरीला माहीत होतं, खालच्या माळ्यालासुद्धा माहीत होतं. पण एकदा माधुरी सासऱ्यांचं मन राखायला तसं म्हणाली, एकदा प्रबुद्ध घाईत म्हणाला, आणि मग घराला ती सवयच लागली. सोनूबाई काहीच म्हणायच्या नाहीत. त्या भाजी निवडत राहायच्या. मी आळ घेतला. नाही घेऊन सांगतो कुणाला?

नाना मात्र हुशार. ते स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवायचे. ढोलकीची थाप त्यांना हाताला लागायची आणि त्या थापेवर उरलेलं गाणं ते आठवणीने लावायचे.

तर बुधवारी प्रबुद्धने माझ्यात नवी ऑपरेटिंग सिस्टीम घातली. बँकेचं पान उघडेना, जुनी सिस्टीम चालणार नाही असं ते सांगत होतं. दोन तास माझ्या डोक्यात गोल गोल फिरत होतं. उठलो तो नवीन कपडे घालूनच. पडदा चकचकीत, अक्षरं गोंडस. प्रबुद्ध खूश झाला.

गुरुवारी नानांनी गाणं लावलं, जाळीवर हात ठेवला आणि थबकले. हात काढला, परत ठेवला.

“अगं माधुरी, ह्याचा आवाज गेला.”

“हो नाना, जुनं झालंय ते,” आतून माधुरी म्हणाली. चपात्या लाटता लाटता. बघायलासुद्धा आली नाही.

शुक्रवारी प्रबुद्धला सांगितलं. तो बूट घालत म्हणाला, “बघतो नाना, संध्याकाळी बघतो.” संध्याकाळी त्याने टेबलाकडे न बघता टीव्ही लावला. मित्रांनो, त्या दोन वर्षांत पहिल्यांदाच खरोखर माझा आवाज गेला होता. ते फक्त नानांना कळलं होतं, आणि नानांवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

शनिवारी दुपारी माधुरी कुणाचा तरी फॉर्म भरत होती. फॉर्म गेला की मी ‘टिंग’ करतो. फॉर्म गेला, टिंग झालं नाही. तिने खाली कोपऱ्यात पाहिलं. स्पीकरच्या छोट्या चित्रावर लाल फुली होती.

“अय्यो,” ती म्हणाली. मग हळूच, “नाना खरं सांगत होते.”

तिचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं.

ती कामाला लागली. आधी वायर काढून घातली, हिरव्या भोकात नीट बसलीय का पाहिलं. बसली होती. मग ती आत शिरली. झालं होतं असं, की माझ्या पोटातलं आवाजाचं यंत्र जुन्या वळणाचं आणि सिस्टीम नव्या वळणाची. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. त्यांच्यात बोलणं घडवून आणणारा एक दुभाष्या असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवी सिस्टीम आली आणि जुन्या दुभाष्याला नारळ दिला.

माधुरीने मला बंद केलं, माझी पेटी उघडली, जुन्या टूथब्रशने धूळ झटकली आणि मोबाइलच्या उजेडात बोर्डावरचा नंबर वाचला. कितीतरी वर्षांनी मला वारा लागला. परत चालू करून त्या नंबरचा ड्रायव्हर तिने शोधून उतरवला. लाल फुली गेली. तिने नानांचं गाणं लावून पाहिलं. पण आवाज? नाहीच.

“आता काय झालं रे राजा?”

प्रबुद्ध मागे येऊन उभा राहिला. “गेला असेल गं. सोड ना यार.”

“तू गप. बिघडवलास तूच.”

मग तिला ते सापडलं. नव्या सिस्टीमने आपल्या मनानेच ठरवलं होतं, की आवाज पडद्याकडे पाठवायचा. माझ्या पडद्याला स्पीकरच नाहीत! सगळी गाणी तिकडे जाऊन मुकी होत होती. माधुरीने यादीतून ‘स्पीकर’ निवडलं.

ढोलकी अशी कडाडली की कपाटातल्या बश्या थरारल्या. आवाज शंभरवरच राहिला होता. प्रबुद्धने कानांवर हात ठेवले. खालून कुणीतरी ओरडलं, “ओ सातवा माळा! जयंतीला टाइम आहे अजून!”

नाना लगबगीने येऊन बसले. जाळीवर हात ठेवला. चेहरा उजळला. “आली, ढोलकी आली.” मग मान पुढे केली, कान जवळ आणला. उजेड हळूहळू विझला.

“पन गाणं कुठाय? कोरस कुठाय रं?”

गाणं घरभर होतं. जिन्यापर्यंत होतं.

माधुरीने प्रबुद्धकडे पाहिलं. प्रबुद्धने पायाकडे पाहिलं. मग तो नेहमीचंच बोलला, फक्त मोठ्याने. “नाना, गेलं हे मशीन आता. उद्या भंगारात देऊन टाकू. शिवदासला सांगतो मी, यंदा लावू दे डीजे.”

नानांनी मान हलवली. त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी जाळीवरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि तो तिथे नुसता पडून राहिला.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची धूळ झटका, वायर ओढू नका, नवी सिस्टीम घालायच्या आधी आमचे ड्रायव्हर तेवढे शोधून ठेवा. आमच्यातलं जे फक्त आमच्यातच आहे, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि आमच्यावर खोटा आळ घालू नका. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, पण ज्याचं दुखणं त्या आळामागे लपतं, त्याच्यावर इलाज होत नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून सोनूबाई बाहेर आल्या. पदराला हात पुसले. तेरा वर्षांत त्यांनी माझ्या एकाही बटणाला हात लावला नव्हता. त्यांनी माधुरीला विचारलं, “बंद कशानं करायचं?” माधुरीने बोट दाखवलं. सोनूबाईंनी ते लांबडं बटण अंगठ्याने दाबलं आणि गाणं थांबलं.

प्लॅस्टिकचं स्टूल ओढून त्या नानांच्या समोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून, त्यांना आपलं तोंड नीट दिसेल अशा. जे सांगायचं ते हळू आवाजात सांगण्यासारखं होतं. पण हळू सांगितलं असतं तर नानांना ते ऐकूच गेलं नसतं. म्हणून त्या मोठ्याने बोलल्या, खालच्या माळ्याला जाईल इतक्या मोठ्याने.

“अहो, मशीन धडधाकट आहे. तुमाला ऐकायला येत न्हाई. गेल्या साली तुमी चढा सूर लावला, आन् समद्या बाया तुमच्यामागं तसंच वरडल्या. मीबी वरडले. आता न्हाई वरडायची. सोमवारी दवाखान्यात कान दाखवायचं. मी येते संगं.”