श्वानप्रतिमेचे नोडल अधिकारी

डॉ. कृष्णात जगदाळे यांनी जुन्या मराठी कवितेतल्या कुत्र्यावर पीएच.डी. केली होती. भक्त म्हणजे देवाच्या दारातलं कुत्रं, हे त्यांनी चारशे बारा पानांत सिद्ध केलं होतं. विट्याकडच्या त्यांच्या कॉलेजात तो प्रबंध कुणी वाचला नव्हता, पण शीर्षक शिपायालासुद्धा पाठ होतं. त्यामुळे आवारातली भटकी कुत्री हलवण्यासाठी एक नोडल अधिकारी नेमा, असा वरून आदेश आला, तेव्हा प्राचार्यांना फार विचार करावा लागला नाही.

"सर, मला कुत्र्यांची भीती वाटते," जगदाळे म्हणाले.

"विषय तुमचाच आहे," म्हणत प्राचार्यांनी पुढची फाईल ओढली.

आवारात कुत्रं एकच होतं. चंपी नावाची म्हातारी कुत्री. झाडलोट करणाऱ्या हरणाबाई तिला भाकरी घालत. पण सहा वर्षं चंपी रोज गेटापासून मराठी विभागापर्यंत चालायची ती जगदाळ्यांच्या मागून. ती आज ना उद्या चावणार म्हणून ते छत्री घट्ट धरून, मागे न बघता चालत. अजून चावली नव्हती, ते श्रेय ते छत्रीला देत.

नेलेलं कुत्रं परत आणून सोडत नाहीत, हे कळल्यावर हरणाबाईंनी त्यांना जिन्यात गाठलं. "आवं सर, तुमी कुत्र्यावर पुस्तक लिवलंय म्हनं. तुमचा सबूद कोन मोडंल?"

जगदाळ्यांनी अर्ज केला : सदर प्राणी वृद्ध व निरुपद्रवी असून त्यास राहू द्यावे. प्राचार्यांनी त्यावर शेरा मारला, 'नोडल अधिकाऱ्यांकडे कार्यवाहीस्तव.' दुपारी अर्ज जगदाळ्यांच्याच टेबलावर येऊन पडला.

मंगळवारी जाळीची गाडी आली. चंपी दोन तास सापडेना. गाडीवरच्या माणसांनी हरणाबाईंना तिला हाक मारायला सांगितलं, तर त्या खराटा टाकून गेटापाशी जाऊन बसल्या. 'प्राणी आढळला नाही' असा अहवाल लिहायला जगदाळे जवळजवळ आनंदाने विभागाकडे निघाले.

"सर, मागं बघा की," गाडीवाला हसत म्हणाला.

सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मागे पाहिलं. चंपी चार पावलांवर उभी होती. ते थांबले म्हणून तीही थांबली होती.

"आमाला बघून पळती, तुमच्या मागनं येती. तसंच थांबा, हलू नगा."

जगदाळ्यांनी छत्री उगारली आणि ते जिवाच्या आकांताने ओरडले, "हाड!"

ते तिच्याशी प्रथमच काही बोलले होते. चंपी शेपूट हलवत धावत त्यांच्या पायाशी आली. जाळी तिथेच तिच्यावर पडली.

गाडीवाल्याच्या कागदावर 'पकडण्यास सहकार्य' असा एक रकाना होता. त्यात त्यांचं नाव डॉक्टरेटसकट लिहिलं गेलं. त्यांनी सही केली.

संध्याकाळी ते बाहेर पडताना हरणाबाई गेटापाशीच होत्या.

"लय अब्यास हाय सर तुमचा," त्या म्हणाल्या, आणि वाट द्यायला बाजूला सरकल्या.