मागचं दार

आर्डिथला जाऊन नऊ दिवस झाले होते, आणि बेलफोर्क गावाला अजून एकच प्रश्न पडला होता: ती मागच्या दाराला गेलीच कशाला?

आर्डिथच्या थोरल्या बहिणीच्या, व्हर्ला स्ट्राउडच्या, डोक्यात तिडीक जायची. पेट्रोल पंपावर तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. टीव्हीवर तर टाय लावलेली माणसं नकाशावर बोट ठेवून तेच बोलत होती. ज्यांनी जन्मात कॅन्ससमधलं एक स्वयंपाकघर पाहिलं नाही, ते सांगणार की सभ्य माणसं कुठल्या दारानं येतात! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

झालं होतं ते एवढंच. ओपल यान्झेनचा नवरा वारला. बेलफोर्कात कुणी गेलं की त्या घरात आठवडाभर कुणाला स्वयंपाक करू देत नाहीत. चर्चच्या बायका पाळ्या लावून जेवण पोचवतात. काचेच्या भांड्यात चिकन आणि नूडल्स, वर चीज, वर फॉइल, आणि तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. त्या दिवशी पाळी व्हर्लाची होती, पण तिचा गुडघा सुजला होता. म्हणून तिनं धाकट्या बहिणीला पाठवलं. आर्डिथ लग्न होऊन तीस वर्षं ओक्लाहोमात होती, नुकतीच कायमची परत आली होती. तिला गावाच्या रीती पाठ होत्या, घरं मात्र नव्यानं शिकत होती.

"धान्याच्या कोठारापुढचं पिवळं घर," व्हर्लानं सांगितलं होतं.

आता गावात पिवळं घर एकच होतं! निदान सप्टेंबरपर्यंत तरी होतं. मग शहरातून आलेल्या गॉर्डन प्रुएटनं ओपलच्या अलीकडचं घर घेतलं आणि त्यालाही पिवळा रंग फासला. गुडघा धरून बसलेल्या व्हर्लाला ते कुठून कळणार?

आर्डिथनं रीतीप्रमाणे केलं. घराला वळसा घालून मागे गेली, भांडं कमरेवर टेकवलं, दोनदा टकटक केली, "मी आलेय गं!" म्हणाली आणि दाराची मूठ फिरवली. इथे सगळे असंच करतात. दार उघडायची वाट बघत उभा राहतो तो विमा विकणारा. आत टीव्ही मोठ्यानं लागला होता. प्रुएटला ना टकटक ऐकू आली ना हाक. त्याला फक्त फिरणारी मूठ दिसली. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. कोण आहे म्हणून न विचारता त्यानं बंद दारातून गोळी झाडली.

खटला भरायचा की नाही, ते सरकारी वकील कर्टिस नोव्हाक शुक्रवारी ठरवणार होता. घरात घुसणाऱ्यावर गोळी झाडायची कायद्यानं मुभा आहे, आणि आर्डिथनं मूठ तर फिरवली होती. व्हर्लाला रात्रंदिवस एकच घोर लागला होता. बहीण गेली ती काही परत येणार नव्हती. पण सरकारी कागदावर ती घरात घुसणारी म्हणून राहिली, तर वर गेल्यावर तिला तोंड कसं दाखवायचं?

बुधवारी शाळेच्या व्यायामशाळेत गावसभा भरली. दोनेकशे माणसं होती. नोव्हाक शेवटच्या रांगेत कोट मांडीवर घेऊन गप्प बसला होता. प्रुएट आला नव्हता.

पशुखाद्याच्या दुकानाचा मालक रेक्स डोलार्ड पहिला उठला. "व्हर्ला, राग मानू नकोस. आर्डिथ चांगलीच होती. पण उद्या माझ्या दाराची मूठ कुणी फिरवायला लागलं, तर मी काय त्याला आधी खुर्ची देऊ?"

काहीजण हसले. व्हर्ला हसली नाही.

मग जोलीन फिच उठली. ही व्हर्लाची चर्चमधली चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. "मला वाटतं, आता पुढच्या दारानंच जावं. घंटी वाजवावी, दोन पावलं मागे सरकावं. आपण तशी चिठ्ठीच छापून वाटू या."

"जोलीन," व्हर्ला काठी टेकत उभी राहिली, "मागच्या महिन्यात तू माझ्याकडे अंडी न्यायला आलीस. कुठल्या दारानं आलीस?"

जोलीन गोंधळली. "आता ते… मागच्याच."

"टकटक केलीस?"

"केली असेन की एकदा."

"केली असेन म्हणे! मी आंघोळ करून बाहेर येते तर तू माझ्या टेबलाशी बसून माझीच कॉफी पितेयस. वर मलाच विचारलंस, साखर कुठे ठेवलीस गं?"

आता सगळी सभा हसली, जोलीनसुद्धा. व्हर्ला थांबली, हसणं ओसरू दिलं.

"आता एक काम करा. आजवर जो कुणी माझ्या घराचं पुढचं दार वापरून आला असेल, त्यानं उभं राहावं."

कुणी हललं नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. रेक्सनं मान खाली घातली. बऱ्याच वेळानं एका कडेला एमेट क्रोल उठला. गावातली प्रेतं हलवणारा, दफनाची सगळी व्यवस्था बघणारा माणूस.

"मी आलोय," तो अवघडून म्हणाला. "तुझ्या नवऱ्याला, वॉल्टरला न्यायला आलो होतो तेव्हा. मागच्या बोळात स्ट्रेचर वळेना."

"ऐकलंत?" व्हर्लाचा आवाज चढला. "माझ्या पुढच्या दारातून मेलेला माणूस बाहेर जातो. जिवंत माणसं मागून येतात. माझी बहीण जिवंत होती, म्हणून मागून गेली!"

"पण प्रुएट नवा आहे," रेक्स पुटपुटला. "घाबरला बिचारा."

"घाबरला असेल. घाबरायला कुणाची ना नाही. वॉल्टर गेल्यापासून सहा वर्षं मी घरात एकटी झोपते. बंदूक माझ्याकडेही आहे, आणि रेक्स, तुझ्यापेक्षा माझा नेम चांगला आहे. तुम्ही सगळे माझी मूठ फिरवून आत आलात. एकाला तरी मी मारलं? अरे, विचारायचं तरी, कोण आहे! दोन शब्द आहेत. तेवढंही तोंडातून निघू नये? आणि कुठला चोर तळाला मालकिणीचं नाव लिहिलेलं गरम भांडं घेऊन चोरीला जातो, ते मला कुणीतरी सांगा."

तिला दम लागला. जोलीननं पाण्याची बाटली पुढे केली, ती तिनं बाजूला सारली.

"पत्ता मी चुकीचा सांगितला. ती चूक माझी आहे, मी मरेपर्यंत ती माझ्या गळ्यात राहील. पण चुकीच्या दाराला गेल्याची शिक्षा मरण, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आपण इथे कसे येतो-जातो हे नोव्हाकसाहेबांना ठाऊक नाही. मी कागद आणलाय. मागच्या दारानं, मूठ फिरवून येणं ही आपली रीत आहे, एवढंच त्यावर लिहिलंय. खरं वाटत असेल तर सही करा. नसेल वाटत, तर उद्यापासून माझ्या घरी घंटी वाजवून या, मी दार उघडणार नाही."

पहिली सही जोलीननं केली. मग एमेट, मग काळ्या कपड्यातली ओपल यान्झेन, मग रांगच लागली. सगळ्यांनी नाही केली. निम्मेअधिक मूग गिळून घरी गेले. रेक्स दारापर्यंत गेला, परत आला, कागद वाचला आणि सही न करताच निघून गेला. व्हर्लानं त्याला हाक मारली नाही.

शुक्रवारी दुपारी तिच्या पुढच्या दाराची घंटी वाजली. तिला आधी कळेचना काय वाजतंय. खिडकीतून सरकारी गाडी दिसली. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून उठली नाही.

"मागून या!" ती ओरडली.

वाळक्या पानांवरून सावकाश पावलं येऊ लागली. घराच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"मिसेस स्ट्राउड! मी कर्टिस नोव्हाक. सरकारी वकील. एकटाच आहे. येतोय हं मी!"

तो काचेपलीकडे दिसला. एका हातात फाइल, दुसरा हात उघडा, छातीशी धरलेला. त्यानं टकटक केली आणि दोन पावलं मागे सरकला.

"मूठ फिरवा की."

"फिरवू?"

"मग काय मुहूर्त बघताय?"

त्यानं हळूहळू मूठ फिरवली, आधी दार लोटलं, मग डोकं आत घातलं. व्हर्लाचे दोन्ही हात टेबलावर होते. ते बघून त्यानं श्वास सोडला.

"खटला भरतोय," तो म्हणाला. "सह्यांचा कागद सोबत जोडणार आहे. तेच सांगायला आलो."

व्हर्लानं मान हलवली. डोळे भरून आले, ते तिनं पुसले नाहीत. पायानंच समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"मागे येताना घाबरलात ना?"

नोव्हाक नाही म्हणणार होता. मग खाली बसला. "हो. घाबरलो."

"आर्डिथ नव्हती घाबरली," व्हर्ला म्हणाली. "आधी ते लिहा."

त्यानं फाइल उघडली आणि लिहायला सुरुवात केली.