जवसाची चटणी

"रूपे, पळ गं, भाकर निवायली."

गंगापूरकडच्या उसाच्या बांधावरून बाबांची हाक यायची आणि आठ वर्षांची रूपा अनवाणी धावत सुटायची.

ती रूपा आता चौतीस वर्षांची. शहरातल्या गुलमंडीत, आपल्या पिको-फॉलच्या दुकानात मशीनपुढं बसली होती. उजवा पाय पायडलवर होता, पण जणू दुसऱ्या कुणाचा. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं वेष्टण झिजत जातं, म्हणाले. जेवणात पालेभाज्या, जवस, मासे ठेवा, तळलेलं कमी करा, अंगाला बरं पडेल. पण गोळी चुकवायची नाही.

तिच्या बाबांनी, बन्सीनं, त्यातलं जेवण तेवढं मनावर घेतलं. बायको गेल्यापासून चूल त्याच्याच हाती. दर गुरुवारी तो एसटीनं डबा घेऊन यायचा. भाकरी, तांदुळजा आणि उखळात कुटलेली जवसाची चटणी. कुटताना बायकोची ओवी आपसूक त्याच्या ओठांवर यायची:

जवस भाजिते मी, मंद मंद गं जाळाला
बळ घासाघासाचं, माझ्या लेकीच्या पायाला

दिवाळीत रूपा काठीशिवाय चालली. तेव्हापासून एसटीत शेजारी बसेल त्याला बन्सी सांगायचा, पोरगी चटणी-भाकरीवर उभी केली. ऐकून ऐकून रूपालाही ते खरं वाटू लागलं. गोळीनं मळमळायचं; बाबांच्या घासानं कधीच नाही.

आज डबा सोडताना त्याला भिंतीला पुन्हा टेकवलेली काठी दिसली. तो चिमूटभर चटणी जिभेवर ठेवून बराच वेळ चघळत राहिला.

"लई भाजली व्हय गं?" तो म्हणाला. "सत्त्व जळालं आसंल. जाळाचा अंदाज ऱ्हायला नाय मला. माहंच चुकलं, बाई."

तसं नाय, असं ती पुटपुटली. पण तो पुढच्या गुरुवारचं ठरवत होता. निखाऱ्यावर भाजू, बारीक कुटू. आणि तिचा पाय सुधरेपर्यंत आपण चहाला शिवायचं नाही. बोलता बोलता त्यानं भाकरी मोडून घास तिच्यापुढं धरला.

रूपानं तो खाल्ला. मग मशीनचा ड्रॉवर ओढून गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या एकेक करून डब्याशेजारी ठेवल्या.

"चटणी ब्येस झालीय, बाबा," ती म्हणाली. "गोळ्या मीच सोडल्या. दिवाळीपासून."