न उचललेली ताटं

सुनेला पडक्या इमारतींचं वेड आहे हे लग्नाआधी कोणी सांगितलं असतं, तर मोठ्या बाईंनी लेकाला विचारलं असतं, "बाबा रे, हिला उभ्या घरात राहायला जमेल ना?" पण सांगितलं कोणी नाही. लग्न झालं आणि सूनबाई गळ्यात कॅमेरा अडकवून बंद गिरण्या, ओस दवाखाने, छप्पर उडालेली स्टेशनं धुंडाळत हिंडू लागली. घरच्या कपाटावर बोटभर धूळ साचली तरी तिला दिसायची नाही. परक्याच्या धुळीचे मात्र फोटो काढून भिंतीला टांगायची.

मागच्या महिन्यात कुठल्याशा माडीची फळी मोडून तिचा पाय मांडीपर्यंत आत गेला. तेव्हा लेकाने ठणकावलं, एकटीने जायचं नाही. आज लेक बाहेरगावी. म्हणून मोठ्या बाई या बंद पडलेल्या हॉटेलाचा जिना चढल्या होत्या, आणि आपले गुडघे दुखतात हे प्रत्येक पायरीला ऐकवत होत्या.

वर जेवणाचं दालन होतं. लांबलचक टेबल, त्यावर मांडलेली ताटं, चमचे, पेले, आणि सगळ्यावर राखाडी धुळीची गोधडी. शेवटच्या दिवशी लोक जेवून गेले असतील. मागे कोणी आवरलंच नव्हतं.

"उद्या सकाळी पाडणार आहेत, आई," सूनबाई म्हणाली. "माझ्या पुस्तकाचा शेवटचा फोटो इथलाच हवाय. आठवडाभर ढग होते, आज ऊन पडलंय. आता छपराच्या भोकातून ते टेबलावर येईल. जेमतेम चार मिनिटं टिकतं."

"आणि हुकलं तर?"

"तर पुस्तक अडकलं."

तिपाईवर कॅमेरा बसवून झाला, तेव्हा तिला आठवलं की बॅटरी गाडीतच राहिली. "आलेच मी. आई, एवढं करा, कशालाही हात लावू नका. जसं आहे तसंच ठेवायचं, हा आमचा नियम आहे."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

सूनबाई गेली. मोठ्या बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. समोर एक खुर्ची आडवी पडली होती. ती त्यांनी पायाने सरळ केली. पाय म्हणजे काही हात नव्हे. मग जवळच्या ताटाकडे नजर गेली. एवढं एकच, म्हणून त्यांनी रुमालाने पुसलं. धुळीखालून निळी नक्षी निघाली. आता शेजारचं ताट जास्तच कळकट दिसायला लागलं. घाणीचं असंच असतं, एकीला हटकलं की दुसरी वाकुल्या दाखवते.

सूनबाई परत आली तेव्हा अर्धं टेबल लखलखत होतं. ताटांची चवड एकीकडे, चमचे दुसरीकडे.

"आई! हे काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? उष्टी उचलली. इथे कोणाला लाज नाही, मला आहे."

"मला धूळच हवी होती हो!"

"मग घरीच सांगायचंस. तुझ्या पलंगाखाली पोतंभर आहे."

सूनबाई त्या सरळ केलेल्या खुर्चीवर मटकन बसली. तिचे डोळे भरून आले. मोठ्या बाईंनी ते पाहिलं. पण 'चुकलं' हा शब्द त्यांच्या जिभेने जन्मात उच्चारला नव्हता. त्यांनी ताटं पुन्हा मांडली, खिडकीच्या कट्ट्यावरून मूठभर धूळ उचलली आणि लाटण्याआधी पीठ भुरभुरवावं तशी ताटांवर भुरभुरवली.

"अजून टाकू?"

"नको! आई, हात जोडते, बसा तुम्ही."

"बसते. भलाईचा जमानाच नाही," असं म्हणत त्यांनी मळका रुमाल रागारागाने फाडकन झटकला. वर्षानुवर्षांची धूळ हवेत उडाली, आणि त्याच क्षणी छपरातून ऊन उतरलं. तरंगत्या धुळीत उजेडाला अंग फुटलं. भोकापासून टेबलापर्यंत सोन्याचा खांब उभा राहिला.

सूनबाई ताडकन उठली, बॅटरी कॅमेऱ्यात सरकवली. "आई, झटका! परत झटका!"

"मघाशी हात लावू नका, आता झटका. एक काय ते ठरव!"

"झटका हो! ऊन जाईल!"

मोठ्या बाईंनी झटकला. एक फटका गुडघ्यांच्या नावाने, एक पलंगाखालच्या धुळीच्या नावाने, आणि जोरातला एक, अशी बायको शोधून आणणाऱ्या लेकाच्या नावाने. कॅमेरा खटखटत राहिला. मग ऊन सरकलं आणि खांब विझला.

पुस्तक छापायला जाण्याआधी सूनबाईने तो फोटो त्यांच्यापुढे ठेवला. काळोखं दालन, उजेडाचा खांब, अर्धं टेबल पुसलेलं, अर्धं धुळीत बुडालेलं. "सगळ्यांना हाच आवडला, आई. खाली तुमचंही नाव घातलंय."

मोठ्या बाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"ऊन बरं आलंय. पण पलीकडची ताटं तशीच राहिली. तू जरा उशिरा आली असतीस तर तीही झाली असती."

"म्हणजे?"

"म्हणजे नाव काढ. अर्धवट कामाखाली नाव लावायची माझी रीत नाही."

आणि त्या रुमाल घेऊन तरातरा सुनेच्या पलंगाकडे निघाल्या.